डोंगराचा शेणसडा: उघड्या उतारावर गवत कसं धरतं

कौलारू घराच्या पागोळ्या जिथे पडतात तिथे अंगणात खळग्यांची एक सरळ रांग उमटते. त्या रांगेतली बारीक माती पहिल्या आठ-दहा दिवसांतच निघून जाते आणि मग पावसाळाभर तिथे नुसती खडी दिसते. मागच्या भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत लाल शिंतोडे असतात. ती जमिनीवरून उडालेली माती. कोकणात मातीच्या भिंतींना पावसाळ्याआधी झापांचा आडोसा करायचे तो एवढ्याचसाठी. जमिनीची धूप कशी होते हे बघायला याहून मोठी प्रयोगशाळा लागत नाही. ही धूप थांबवायला उघड्या उतारावर पाण्याच्या काल्यातून गवताचं बी फवारतात, हायड्रोसीडिंग म्हणतात त्याला, आणि ही गोष्ट त्याच तंत्राची.

पागोळी पडते दहा-बारा फुटांवरून. ढगातून आलेला पाच मिलिमीटरचा टपोरा थेंब जमिनीला भिडतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सुमारे ९ मीटर, म्हणजे तासाला ३२ किलोमीटर असतो. गल्लीतून स्कूटर जाते साधारण त्या वेगाने. उघड्या मातीवर तो आदळला की कण दोन फूट वर आणि पाच फूट बाजूला उडू शकतात. सपाटीवर ते इकडचे तिकडे होतात, पण उतारावर उडालेला कण उतरताना जरा खालीच पडतो. एका सरीत असे कोट्यवधी थेंब. शिवाय फुटलेल्या ढेकळांची भुकटी मातीच्या छिद्रांत जाऊन बसते, वर पापुद्रा धरतो, पाणी मुरायचं थांबतं आणि वाहायला लागतं.

पुढचं सगळ्यांनी पाहिलेलं आहे. आधी पाणी चादरीसारखं पसरून उतरतं, मग बोटाएवढे ओघळ पडतात, ओघळ एकमेकांना मिळून चरी होतात आणि दोन-तीन पावसाळ्यांत माणूस उभा राहील एवढी घळ तयार होते. उतार जितका लांब तितकं खाली पोचणारं पाणी जास्त, आणि वाहत्या पाण्याचा वेग वाढला की त्याची माती ओढण्याची ताकद वेगापेक्षा कितीतरी झपाट्याने वाढते. म्हणून घळ पायथ्याशी सर्वांत खोल असते.

अमेरिकेत विश्मायर आणि स्मिथ या दोघांनी शेततुकड्यांवरच्या हजारो नोंदींवरून या सगळ्याचं एक सूत्र बसवलं. जगभर आजही तेच, थोड्याफार फरकाने, वापरतात. पावसाचा जोर, मातीचा स्वभाव, उताराची लांबी आणि चढ, वरचं आवरण, आणि बांधबंदिस्तीसारखे उपाय, एवढ्यांचा तो गुणाकार आहे. बेरीज असती तर एक आकडा कमी करून फारसं काही साधलं नसतं. गुणाकार असल्यामुळे एकच आकडा खाली आणला की सगळं उत्तर खाली येतं. उघड्या जमिनीसाठी आवरणाचा आकडा १ धरतात. दाट गवतासाठी तो ०.०१ च्याही खाली जातो. पाऊस तोच, माती तीच, चढही तोच, पण वाहून जाणारी माती शंभरातली एक. आपल्याकडचा बराच उद्धृत होणारा अंदाज १९८३ चा आहे: देशात दरवर्षी सुमारे ५३३ कोटी टन माती जागची हलते, हेक्टरी १६ टनांहून जास्त. हा सरासरीचा आकडा. नुकताच कापलेला घाटातला उतार सरासरीत बसत नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. उतार राखायचा म्हटलं की आपल्याला आधी झाड आठवतं. पण उंच झाडाच्या पानांवर पाणी साचून त्याचे आणखी मोठे थेंब होतात, आणि ते आठ-नऊ मीटरवरून पडले तर त्यांचा वेग पावसाच्या थेंबाच्या जवळपास पोचतो. सागाच्या बनात खाली पालापाचोळा जळालेला असेल, झुडपं नसतील, तर जमीन उघड्यावरच्यासारखीच झिजते. सागाचं रुंद पान म्हणजे एक मोठी पागोळीच. उताराला आधी हवं असतं ते जमिनीलगतचं पांघरूण. झाड नंतर.

धूप वेगळी, दरड वेगळी

रस्त्यालगत माती वाहून आली काय आणि डोंगर खाली आला काय, बातमीत दोन्हीला दरडच म्हणतात. उपाय ठरवताना मात्र हे दोन आजार वेगळे ठेवावे लागतात. धूप वरून खाली, कणाकणाने होते. दरडीत मातीचा अख्खा थर आतल्या एखाद्या पातळीवरून सुटतो. पाणी आत भरतं, कणांमधल्या फटींत त्याचा दाब वाढतो, कण एकमेकांना धरून ठेवतात ती पकड सैल होते आणि वजन पेलेनासं झालं की थर निघतो. सुटण्याची ही पातळी अर्ध्या-एक मीटरवर असेल तर मुळं ती शिवून ठेवू शकतात. पाच-दहा मीटर खोल असेल तर गवताला तिचा पत्ताही नसतो.

३० जुलै २०१४ ला माळीण, २२ जुलै २०२१ ला तळीये, १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी. या गावांवर जे आलं ते बी फवारून थांबलं असतं असं कुणी सांगत असेल तर त्याच्याकडून काहीच विकत घेऊ नये. तिथे प्रश्न डोंगराच्या पोटातल्या पाण्याचा आणि वस्ती कुठे असावी याचा होता. महाबळेश्वरला जुलै २०२१ मध्ये एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. एका गुंठ्यावर हे पाणी साठ हजार लिटर होतं, दहा हजार लिटरचे सहा टँकर. ते चोवीस तासांत एका गुंठ्यावर ओतल्यावर काय होईल, हा हिशेब डोक्यात ठेवूनच पुढचं वाचा.

कोकणात आणखी एक अडचण आहे. वरचा जांभा कडक, पण त्याच्या खाली बऱ्याच ठिकाणी पांढरट, गुलाबी, पिवळसर चिकणमातीचा जाड थर असतो. कोरडी असते तेव्हा ती उभी कापली तरी उभी राहते. ठेकेदाराला वाटतं, छान, भिंतच लागत नाही. जूनमध्ये तीच माती लोण्यासारखी होते. रस्ता किंवा लोहमार्ग नेताना जांभ्याचं टोपण काढून हा थर उघडा पडला की तिथून पुढचे सगळे पावसाळे कटकटीचे. २२ जून २००३ ला कोकण रेल्वेवर वैभववाडीजवळ रुळावर आलेल्या दरडीमुळे गाडी घसरून पन्नासहून जास्त माणसं गेली. पुढच्याच जूनमध्ये महाडजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेसला अपघात झाला. त्यानंतर कटिंगचे उतार कमी करणं, पायऱ्या काढणं, दगडांना जाळ्या बसवणं, वाळ्याची लागवड अशी कामं त्या मार्गावर झाली. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात परशुराम घाटासारख्या ठिकाणी डोंगर पुन्हा कापला गेला आणि जुनेच प्रश्न नव्याने उघडे पडले.

टाकीत काय असतं

हायड्रोसीडिंग म्हणजे पाण्यात बी, तंतू, खत आणि चिकटवण मिसळून केलेला काला पाइपने उतारावर फवारणं. मागच्या शतकाच्या मध्याला अमेरिकेत कनेक्टिकटच्या महामार्ग खात्यात ही कल्पना निघाली. रस्त्याकडेच्या चढावर माणूस बी पेरायला उभा राहू शकत नव्हता, पाण्याचा फवारा मात्र तिथे पोचत होता.

आपल्याला यात अजिबात नवल वाटू नये. अंगणात शेणाचा सडा घालतात तेव्हा काय करतात? पाणी, शेणातले गवताचे बारीक तंतू आणि शेणाचाच चिकटा. धूळ बसते, वर पातळ पापुद्रा धरतो. त्याच शेणकाल्यात बी मिसळलं, खत घातलं आणि पंपाने तीस-चाळीस मीटर लांब फेकलं की झालं हायड्रोसीडिंग. फरक एवढाच की शेणाऐवजी लाकडाचा किंवा कागदाच्या लगद्याचा तंतू असतो. लाकडाचा लांब तंतू एकमेकांत गुंततो, कागदाचा आखूड तंतू सुकला की पापडासारखा होतो आणि उभ्या उतारावर टिकत नाही.

चिकटवणाची गंमत अशी, की जगभर यासाठी ज्या दोन वनस्पती वापरतात त्या दोन्ही आपल्याच ओळखीच्या. एक गवार. होय, भाजीतली गवार. तिच्या बियांपासून निघणारा गवार गम पाण्यात पडला की बुळबुळीत दाट होतो. जगातली सुमारे ऐंशी टक्के गवार भारतात पिकते आणि तीही बरीचशी राजस्थानात. दुसरं इसबगोल, त्याची शेती गुजरात-राजस्थानात. पोट साफ करायला आपण जे रात्री पाण्यातून घेतो तेच परदेशातल्या महामार्गाच्या उतारावर माती धरून बसतं. याशिवाय पॉलिमरची कृत्रिम चिकटवणंही मिळतात.

प्रमाणाचा अंदाज यावा म्हणून एक उतार घेऊ: रस्त्याच्या कडेने १०० मीटर लांब, उतारावर मोजलेली उंची १० मीटर. हजार चौरस मीटर, म्हणजे जवळपास दहा गुंठे. साध्या कामासाठी हेक्टरी दोन ते साडेतीन हजार किलो तंतू धरतात, तेव्हा इथे तीनेकशे किलो. पाणी चौरस मीटरला तीनेक लिटर, एकूण तीन हजार लिटर. बी चौरस मीटरला काही ग्रॅम. मध्यम टाकीची एक खेप झाली. उतार जास्त चढा असेल तर तंतूंचं प्रमाण हेक्टरी साडेचार हजार किलोपर्यंत वाढवतात आणि जास्त चिकटवण घालतात. हा जाड लेप वाळून घट्ट व्हायला साधारण चोवीस तास कोरडी हवा लागते. त्याआधी पाऊस आला तर सगळं गटारात.

काल्यात हिरवा रंगही टाकतात. कुठे फवारलं आणि कुठे राहिलं हे नळी धरणाऱ्याला कळावं, एवढाच त्याचा उपयोग. थोड्याच दिवसांत तो उडून जातो. पण या रंगाने आपल्याकडे भलताच घोळ होतो. फवारलेला डोंगर त्याच संध्याकाळी हिरवागार दिसतो, फोटो निघतो, बिल निघतं. गवताचं एकही पान अजून आलेलं नसतं. माझ्या मते या तंत्राबद्दल सामान्य माणसाने एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ही: लेप उतार वाचवत नाही, लेप मुळं येईपर्यंत वेळ मिळवून देतो. काही आठवड्यांचा, फार तर काही महिन्यांचा वेळ. त्या वेळात मूळ खाली गेलं नाही तर पैसे वाया.

फवारणीआधीचं काम

यशापयशाचा मोठा भाग यंत्र येण्याआधीच ठरलेला असतो.

सर्वांत आधी वरचं पाणी. कटिंगच्या माथ्यामागून डोंगराचं पाणी उतारावर येत असेल तर त्याला अडवून बाजूला नेणारं गटार हवं. अभियंते त्याला कॅच वॉटर ड्रेन म्हणतात. ते तुंबलेलं किंवा तडकलेलं असेल तर नसलेलं बरं, कारण मग ते नेमकं एकाच जागी पाणी आत सोडतं. लांब उताराला मध्ये सपाट पायऱ्या काढाव्या लागतात, पाण्याला वेग धरायच्या आत थांबवायला. आतून झिरपणाऱ्या पाण्याला बाहेर पडायला वाट लागते. ही तीन कामं झाली नसतील तर फवारणीवाल्याला बोलावूच नये.

मग पृष्ठभाग. आपल्याकडे ‘फिनिशिंग’ची हौस दांडगी. पोकलेनच्या बकेटने उतार घासून सारवलेल्या भिंतीसारखा गुळगुळीत करतात आणि साहेबांना दाखवतात. बियाला यासारखं वाईट काही नाही. उतार खडबडीत हवा. एक सोपी युक्ती आहे: साखळीपट्ट्याचं यंत्र उतारावर सरळ वर-खाली चालवायचं, म्हणजे पट्ट्याच्या पात्यांचे ठसे आडवे उमटतात. प्रत्येक ठसा हा बोटभर बांध. त्यात पाणी थांबतं, बी थांबतं. तेच यंत्र उतारावर आडवं चालवलं तर ठसे उभे पडतात आणि पाण्याला तयार पन्हळी मिळतात. तेच डिझेल, उलटा परिणाम.

तिसरी गोष्ट माती. कापलेल्या उतारावर असतो तो मुरूम किंवा जांभ्याखालची आम्ल, भुकेली माती. तिच्यात स्फुरद असला तरी लोह-ॲल्युमिनियम तो धरून बसतात, मुळांना देत नाहीत. काम सुरू करताना वरची वीतभर सुपीक माती खरवडून बाजूला ढीग करून ठेवली आणि शेवटी परत पसरली, तर अर्धी लढाई तिथेच जिंकता येते. प्रत्यक्षात ती माती पहिल्याच आठवड्यात कुठल्यातरी भरावात गडप होते.

फवारतानाही कसब लागतं. एकाच बाजूने मारलं तर प्रत्येक ढेकळाच्या मागे सावली राहते, म्हणून दोन दिशांनी मारायचं. बी आणि खत एकत्र घोळून तास-दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही, खताच्या खारटपणाने कोंब मरतो. आणि जिथे ऊन कडक, पाणी थोडं, तिथे सगळं बी जाड लेपात घालू नये, कारण ते मातीला न टेकता तंतूंतच लटकतं, उगवतं आणि वाळतं. आधी पातळ काल्यातून बी मातीवर टाकायचं, मग वरून तंतूचं पांघरूण द्यायचं. पहिल्या हाताने पेरणी, दुसऱ्याने झाकणी.

पंचांग

युरोपातल्या पुस्तकात लिहिलेलं वेळापत्रक कोकणात का चालत नाही? तिथे रिमझिम पावसात गवताला सहा-आठ आठवडे मिळतात. आपल्याकडे मे महिनाअखेर धूळ, आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आकाश फाटतं. गवताचं बी रुजायला आठ-पंधरा दिवस, जमीन झाकायला दीड-दोन महिने. म्हणजे गवताला सर्वांत गरज असते तेव्हाच पाऊस सर्वांत क्रूर असतो.

एप्रिलमध्ये फवारून पाणी दिलं नाही तर बी मुंग्या नेतात. वळवाची एक सर आली तर रुजतं आणि पुढच्या दहा दिवसांच्या उन्हात करपतं. जुलैत फवारलं तर लेप वाळायला कोरडे चोवीस तास मिळतच नाहीत. ऑक्टोबरमध्ये रुजतं चांगलं, पण पुढे सात महिने पाणी नाही. मला पटणारा मार्ग दोनच. एक, एप्रिलअखेर फवारून टँकरने दिवसाआड हलकं पाणी देत राहायचं, म्हणजे मृगापर्यंत वीतभर मूळ उतरलेलं असेल. हा खर्च कंत्राटात आधीच धरलेला असायला हवा, बहुतेक वेळा तो धरलेला नसतो. दोन, पावसाळ्याआधी उतारावर काथ्याची जाळी अंथरून खुंट्या ठोकायच्या आणि तिच्या आधाराने पहिल्या सरींनंतर पेरायचं.

काथ्याच्या या जाळीला सरकारी मानकांत ‘कॉयर भूवस्त्र’ असं नाव आहे, आणि नाव अगदी चपखल आहे. तागाची जाळी साधारण एका पावसाळ्यात कुजते, काथ्याची दोन-तीन वर्षं तग धरते. नारळाच्या सोडणाचा जो भाग आपण चुलीत घालतो त्यातून हे वस्त्र बनतं. किनारपट्टीवरच्या रस्त्यांसाठी बाहेरून प्लास्टिकची जाळी आणणं मला तरी पटत नाही.

कुठलं बी

इथे घाई केली तर वीस वर्षं पस्तावावं लागतं. बाहेरच्या देशातल्या लॉनच्या गवताचं तयार मिश्रण सहज मिळतं, लवकर उगवतं आणि पहिल्या उन्हाळ्यात मरतं. याउलट काही परदेशी गवतं मरतच नाहीत, डोंगर बळकावतात. घाणेरी आणि रानमोडी या परदेशी झुडपांनी सह्याद्रीचं काय केलं ते आपण पाहतोच आहोत.

मिश्रणात तीन प्रकारची मंडळी हवीत. पहिली, झटपट उगवून सावली देणारी आणि चार महिन्यांत संपणारी, नाचणी-वरीसारखी. दुसरी, जमीन धरणारी बारमाही गवतं: हरळी आडवी पसरते आणि गाठीगाठीला मुळं सोडते, मारवेल आणि पवना गड्ड्याने वाढतात. तिसरी, हवेतला नत्र जमिनीत आणणारी शेंगावर्गीय. बांधावर पेरायचा स्टायलो या कामात जुना आहे, पण तो बाहेरचा आहे याचं भान ठेवून थोडाच घ्यावा. गवत स्थिरावल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी निर्गुडी, करंज, आणि पायथ्याला माणगा बांबू. माथ्याच्या कडेवर उंच झाडं लावू नयेत. वारा त्यांना पहारीसारखं हलवतो आणि मुळांच्या फटीतून पाणी आत जातं.

आणि सगळे उघडे उतार ‘हिरवे करण्यासाठी’ नसतात. कातळ सडा, म्हणजे खडकाचं उघडं पठार, उन्हाळ्यात ओसाड दिसतो, पण पावसाळ्यात तिथे जी फुलं येतात त्यांतली काही जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. तिथे बी फवारणं म्हणजे देवघर धुऊन काढायला आम्ल वापरणं. जिथे माणसाने डोंगर कापला, तेवढीच जागा झाकायची.

वाळा

फवारणीने जमिनीची कातडी सुधारते. तिच्याखालचा मीटर-दोन मीटर शिवायचा असेल तर आपल्याकडे वाळा आहे. माठात टाकायचा, सरबतातला, खिडकीच्या ताट्यांचा. त्याची मुळं बाजूला न पसरता सरळ खाली उतरतात, चांगल्या जमिनीत दोन ते चार मीटरपर्यंत. मलेशियात झालेल्या चाचण्यांत या मुळाची ताणशक्ती सरासरी ७५ मेगापास्कल भरली. साध्या पोलादी सळईच्या सुमारे एक षष्ठांश. धाग्याएवढ्या मुळासाठी हे भलतंच आहे, आणि एका ठोंबाला अशी मुळं हजारोंनी असतात.

दक्षिणेत लागवडीखाली असलेल्या वाळ्याला फुलोरा येतो पण रुजणारं बी धरत नाही. त्यामुळे तो तण होऊन पसरत नाही, आणि त्याच कारणाने तो फवारताही येत नाही. ठोंब फोडून हाताने लावावा लागतो: उताराला आडव्या, समपातळीतल्या ओळी, ठोंबांत दहा-पंधरा सेंटीमीटर, ओळींत खाली-वर मीटर-दोन मीटर. वर्षभरात ओळ जुळली की पानांची ताठ कुंपणं होतात. पाणी त्यातून गाळून जातं, माती मागे अडकते आणि काही वर्षांत आपोआप पायऱ्या तयार होतात. कर्नाटकात गुंडलुपेट भागातले शेतकरी बांधाला वाळा पिढ्यान्‌पिढ्या लावत आले होते. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या पाणलोट प्रकल्पांवरच्या ग्रीनफिल्ड आणि ग्रिमशॉ यांनी त्याचा हिरिरीने प्रचार केला आणि मग आपल्याला आपलंच गवत कळलं. नेहमीचं आहे.

वाळ्याला सावली सोसत नाही, हे त्याचं दुखणं. वर झाडं वाढली की तो विरळ होतो. आणि त्याच्या मुळांना बाजारात भाव आहे. उतार राखायला लावलेला वाळा कुणी खणून नेला तर नांगरटीपेक्षा वाईट अवस्था होते.

चुन्यापासून गवताकडे

हाँगकाँगची गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे, कारण तिच्यात आपला चुना आहे. तिथले कापलेले उतार पूर्वी सिमेंट, चुना आणि माती यांच्या गिलाव्याने लिंपत. या गिलाव्याला तिथले अभियंते ‘चुनाम’ म्हणतात, शब्द भारतातूनच गेलेला. पाणी आत जाऊ नये ही कल्पना. १८ जून १९७२ ला मोठ्या पावसात एकाच दिवशी दोन दरडी कोसळल्या आणि १३८ माणसं गेली. १९७६ मध्ये पुन्हा दरड, आणि १९७७ मध्ये उतारांकडे बघणारं स्वतंत्र सरकारी कार्यालय. आज तिथल्या सुमारे ६०,००० मानवनिर्मित उतारांची नोंद आहे, प्रत्येकाला घराला असावा तसा क्रमांक आहे, आणि देखभाल कुणी करायची हे ठरलेलं आहे. जुने चुनामचे उतार तपासून, पाण्याच्या वाटा आणि पोलादी खिळ्यांचा, म्हणजे उतारात खोल बसवलेल्या सळयांचा, आधार देऊन बऱ्याच ठिकाणी वर फवारणीने गवत आणलं गेलं. ताकद खिळ्यांची, पांघरूण गवताचं. खडकावर जिथे मातीच नाही तिथे जपानमध्ये तारेच्या जाळीवर काही सेंटीमीटर जाडीची माती-खताची चादर फवारतात. साधं हायड्रोसीडिंग खडकाला चिकटतं, पण खडकावर जगत नाही.

आपल्याकडे भारतीय रस्ते काँग्रेसची मार्गदर्शिका आहे, रस्त्याकडेच्या उतारांची धूप रोखण्यासाठीच लिहिलेली, आयआरसी ५६. तागाच्या जाळीचं मानक आहे, काथ्याचं आहे. कागद कमी नाहीत. नाही तो घाटातल्या प्रत्येक उताराला क्रमांक.

फवारणी झाल्यावर

पहिला पावसाळा म्हणजे बाळंतपण. कोवळं गवत दिसलं की शेळ्या येणार, त्यात शेळीचा दोष नाही. हिवरे बाजारने चराईबंदी, कुऱ्हाडबंदी करून जे डोंगरावर केलं तेच इथे दोन वर्षांपुरतं करावं लागतं, आणि ते गावाशी बोलून होतं. कुंपण घालून होत नाही. गवत कापून न्यायची मुभा आणि गुरं सोडायला बंदी, हा तोडगा गावालाही परवडतो आणि उतारालाही. मार्चमध्ये वणव्याची भीती असते. बारमाही गवताचं मूळ वणव्यातून वाचतं, पण वरचं पांघरूण जळतं आणि जूनची पहिली सर पुन्हा उघड्या मातीवर पडते.

पहिल्या पावसात कुठेतरी ओघळ पडणारच. तेवढा भाग त्याच आठवड्यात भरून, जाळी टाकून पुन्हा पेरला तर प्रश्न मिटतो. सोडून दिला तर पुढच्या वर्षी घळ आणि नवीन निविदा.

काम झालं की नाही हे मोजायची रीत सोपी आहे. एक मीटर लांब-रुंद चौकट घ्यायची, उतारावर ठिकठिकाणी टेकवायची आणि आतली किती जमीन जिवंत पानांनी झाकली आहे ते बघायचं. अमेरिकेतल्या बांधकाम परवान्यांत यासाठी ७० टक्क्यांची अट असते, त्या भागात नैसर्गिकरीत्या जेवढा झाडोरा असतो त्याच्या ७० टक्के. आपल्याकडे ही मोजणी फवारणीच्या संध्याकाळी करून चालणार नाही. दुसऱ्या पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरात करावी, आणि बिलाचा शेवटचा हप्ता तोवर हातात ठेवावा. चौकट टेकवायची तर पायथ्याला नको, तिथे वरून वाहून आलेलं बी आणि माती साठून गवत माजलेलंच असतं. दोर बांधून वरच्या तिसऱ्या हिश्शात चढावं लागेल.